पांढरी, चुना आणि शेडकार्ड

घराच्या आतील भिंतींना कोणता रंग द्यावा, हा प्रश्न आज आपण रुचीचा मानतो. दिवाणखान्याला एक, झोपण्याच्या खोलीला दुसरा, स्वयंपाकघराला डाग लपवील असा तिसरा, असे ठरवताना आपण आपली आवड व्यक्त करीत आहोत, अशी आपली समजूत असते. इतिहासाच्या अंगाने पाहू गेल्यास या प्रश्नातील जवळजवळ प्रत्येक शब्द अलीकडचा ठरतो. 'खोली' अलीकडची आहे, खोलीगणिक वेगळा रंग ही कल्पना त्याहून अलीकडची आहे, आणि रंगांची निवड तर अगदी कालपरवाची. त्यापूर्वी भिंतीचा रंग कोण ठरवीत असे, हे शोधू लागल्यास उत्तरात माणसांपेक्षा माती, चुना आणि सरकार यांचीच नावे अधिक येतात.

हा इतिहास मोठ्या शहरांत एकावर एक चढलेल्या थरांखाली दडलेला असतो. नंदुरबार जिल्ह्यातील चिंचपाड्यासारख्या गावी आणि त्याच्या परिसरात मात्र हे थर शेजारी शेजारी उभे दिसतात. नवापूर तालुक्यातील हे गाव सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. भोवती मावची, भिल्ल, कोकणी अशी आदिवासी वस्ती आहे. गावात मिशनचे रुग्णालय आहे. नवापूरजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव रंगावली आहे, हा केवळ योगायोग. याच तालुक्यात कुडाची सारवलेली भिंत, चुन्याची निळसर भिंत आणि सिमेंटच्या गिलाव्यावरची प्लास्टिक पेंटची भिंत एका फेरीत पाहता येते.

आरंभ मातीपासून करावा लागतो. मराठी गावाने आपली जमीनच मुळी रंगाने विभागली होती. 'काळी' म्हणजे पिकाची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची. खानदेशातील धाब्याच्या घरांवर पसरली जाणारी माती या पांढरीचीच. जे गाव पांढरीवर वसते, त्याच्या घराच्या भिंतीही त्याच मातीने पोतारल्या जात. डोंगरपट्ट्यातील घरांची रीत थोडी निराळी. तेथे बांबूचा किंवा तुराट्यांचा कूड उभारून त्यावर शेणमातीचा लेप दिला जातो. ओला असताना हिरवट दिसणारा हा लेप वाळल्यावर करडा-तपकिरी होतो. हा रंग कोणी निवडलेला नसतो. तो मातीचा आणि शेणाचा रंग असतो. घरही बहुधा एकच मोठी जागा असते. धान्याच्या कणग्या मधे उभ्या करून आडोसा केला जातो, आणि त्या कणग्याही त्याच शेणमातीने लिंपलेल्या असतात. खिडक्या नसल्याने उजेड दारातून आणि कुडाच्या फटींतून येतो. जेथे खोल्याच नाहीत, तेथे खोलीचा रंग हा प्रश्न उद्भवत नाही.

याचा अर्थ अशा घराला रंगाचे भान नव्हते, असा मात्र नाही. रंग होता, पण तो प्रसंगाचा होता. डहाणू-तलासरीकडील वारली घरात लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो, आणि तो लिहिण्याचा मान सुवासिनींचा असतो. नर्मदेपलीकडे छोटा उदेपूर भागातील राठवा घरांत ओसरी आणि आतला भाग यांना विभागणाऱ्या भिंतीवर नवस फेडताना पिठोरा लिहिला जातो. ती भिंत शेणमातीने आणि पांढऱ्या मातीने तयार करण्याचे काम कुमारिकांचे. चित्र लिहिणारे पुरुष. रंगांत दूध आणि मोहाची दारू मिसळलेली. दोन्हीकडे 'काढणे' याऐवजी 'लिहिणे' हे क्रियापद यावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. भिंतीवर काय उमटावे हे वर्षातील दिवस, देव आणि घरातील कार्य यांनी ठरत असे. व्यक्तीच्या आवडीला तेथे फारसा वाव नव्हता. व्यक्तीच्या हाताला मात्र पुरेपूर होता.

वाड्यांची परिस्थिती वेगळी होती असे आपण समजतो. वाईजवळील मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत. चांदवडचा होळकरांचा रंगमहाल तर नावानेच रंगाचा आहे. परंतु ही चित्रे निवडक दालनांची. माजघर आणि स्वयंपाकघर यांचा खरा रंग चुलीच्या धुराचा होता. रंग जेथे पाहुणा बसतो तेथे, काजळी जेथे बायका वावरतात तेथे, अशी ही विभागणी होती. आजही घर रंगवताना दिवाणखान्याला महागडा रंग आणि स्वयंपाकघराला 'उरलेला' रंग मिळतो, तेव्हा आपण त्या जुन्या वाड्याचाच हिशेब पुढे चालवीत असतो.

मातीनंतर चुना आला, आणि येथून रंगाचा इतिहास रसायनशास्त्राच्या हाती जातो. कळीचा चुना पाण्यात विरवला, गाळून भिंतीला त्याचे दोन-तीन हात दिले, की हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. ओला चुना अतिशय अल्कधर्मी असतो. त्यामुळे तो जंतूंना मारतो, आणि त्याच कारणाने बहुतेक वनस्पतिजन्य रंगांनाही मारतो. प्रत्येक मराठी घराला ठाऊक असलेले एक उदाहरण पुरेसे आहे: हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, कुंकवाची जुनी कृती याच गुणावर आधारलेली आहे. म्हणजे हळदीने भिंत पिवळी करता येत नाही. पिवळ्यासाठी पिवडी हवी, गुलाबीसाठी गेरू किंवा काव हवी, कारण हे मातीचे रंग चुन्यात टिकतात. निळ्यासाठी नीळ आणि हिरवटासाठी पिवडी व नीळ यांचे मिश्रण. चुन्याच्या पांढरेपणात मिसळल्यावर हे सारे रंग फिकट होतात. फिका निळा, फिका पिवळा, फिका गुलाबी, फिका हिरवा ही आपल्या आजोळच्या घरांची जी 'सौम्य अभिरुची' आपण आठवतो, ती बऱ्याच अंशी चुन्याची मर्यादा होती.

यांपैकी निळ्याची कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. 'नीळ' हा शब्द मुळात वनस्पतीचा आणि तिच्यापासून निघणाऱ्या रंगाचा. चुन्यात मिसळण्यासाठी दुकानात मिळणारी नीळ मात्र वेगळी. ती कृत्रिम अल्ट्रामरीन. बदख्शानच्या खाणीतील लाजवर्द दगडापासून होणारा हा निळा रंग युरोपात एके काळी सोन्याच्या तोलाचा मानला जाई. 1828 मध्ये गिमे या फ्रेंच रसायनज्ञाला तो कारखान्यात स्वस्तात बनवल्याबद्दल पारितोषिक मिळाले, आणि पुढे काही दशकांत तोच रंग कपड्यांच्या निळीची पुडी होऊन वाण्याच्या दुकानात आला. थोडी नीळ घातली की चुन्याचा पिवळसरपणा झाकला जाऊन भिंत अधिक पांढरी वाटते. हात सैल सुटला की ती निळी होते. रेनेसान्सच्या चित्रकारांना जो रंग जपून वापरावा लागे, तो खानदेशातील शेतमजुराच्या घरात दिवाळीला मुठीने पडू लागला. रंगांच्या इतिहासात इतके मोठे सामाजिक स्थलांतर क्वचितच घडले असेल.

चुन्याची दुसरी बाजू अशी, की तो नेहमीच घरच्यांच्या इच्छेने भिंतीवर चढला नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि 1897 च्या आरंभी पुण्यात पसरला. रँडच्या अध्यक्षतेखालील समितीची पथके घरोघर शिरली. सामान बाहेर काढणे, काही जाळणे, जमीन उकरणे आणि भिंतींना चुना मारणे हा त्या मोहिमेचा भाग होता. त्या काळच्या वैद्यकीय समजुतीप्रमाणे हे उपाय निरर्थक नव्हते, पण देवघर आणि माजघर यांच्या भिंतींना परक्या शिपायाच्या देखरेखीखाली पांढरे केले जाणे, हा अनुभव लोकांच्या मनात सलत राहिला. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, त्यामागील संतापात घरात शिरलेल्या सरकारचा वाटा मोठा होता. पांढरा रंग त्या वर्षी आरोग्याचाही होता आणि सत्तेचाही. पुढे 1925 मध्ये ल कॉर्ब्युझिएने पॅरिसमध्ये प्रत्येक नागरिकाने आपल्या भिंती पांढऱ्या कराव्यात, असा जणू कायदाच सुचवला आणि पांढऱ्या भिंतीला नैतिक शुचितेचे रूप दिले. पुणेकरांना हा धडा त्यापूर्वी अठ्ठावीस वर्षे सक्तीने मिळाला होता.

विसाव्या शतकात आडगावांपर्यंत हा स्वच्छतेचा रंग नेला तो रुग्णालये, शाळा आणि रेल्वेच्या कचेऱ्या यांनी. या इमारतींची एक खूण सर्वांच्या परिचयाची आहे: खाली कमरेइतक्या उंचीचा गडद तेलरंगाचा पट्टा, वर फिका चुना. टेकणाऱ्या पाठींचे आणि हातांचे डाग पुसता यावेत, हा त्यामागील हेतू. संस्थेची ही दुरंगी भिंत पाहून घरांनीही ती उचलली. पक्के घर म्हणजे खालचा पट्टा धुता येणारे घर, अशी एक व्याख्याच त्या काळी होऊन बसली.

तेलरंगाचा खेड्यातील प्रवेश मात्र भिंतीवरून झाला नसावा. 1942 मध्ये मुंबईत चार मित्रांनी स्थापन केलेल्या एशियन पेंट्सच्या वाटचालीविषयी असे सांगितले जाते, की ग्रामीण महाराष्ट्रात तिचे लहान डबे खपले ते पोळ्याला बैलांची शिंगे रंगवण्यासाठी. 1954 मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी कंपनीसाठी काढलेला खोडकर गट्टू पुढे घराघरांत पोचला. रंग आधी बैलाच्या शिंगावर चढला आणि मग मालकाच्या घरात शिरला, हा क्रम शेतकरी समाजाच्या अग्रक्रमांशी सुसंगतच म्हणावा लागेल.

तेलरंग आणि त्यानंतरचे इमल्शन यांनी चुन्याची मर्यादा मोडली. आता भिंत गडद लाल, नारिंगी, मोरपंखी काहीही होऊ शकत होती. पण या स्वातंत्र्याला एक विषारी किनार होती. तेजस्वी पिवळा आणि नारिंगी रंग बहुधा शिशाच्या क्रोमेटपासून मिळे. पिवडीचा पिवळा ही निरुपद्रवी माती होती. डब्यातला पिवळा रंग पोपडे होऊन गळला, लहान मुलाच्या तोंडात गेला, तर त्याच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करू शकत होता. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम भारतात 2016 मध्ये झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आला. जुन्या दारांवर आणि भिंतींवर त्यापूर्वीचे थर अद्याप आहेत; ते कोरडे खरवडणे आजही धोक्याचे आहे.

दुसरी अडचण भिंतीचीच आहे. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते; सारवण व चुना तिला तसे करू देतात. तिच्यावर प्लास्टिक पेंटचा पापुद्रा चढवला की ओल आत कोंडते आणि पावसाळ्यानंतर रंग मातीसकट सुटतो. नवापूरसारख्या जिल्ह्यातील जास्त पावसाच्या भागात हे अधिकच जाणवते. त्यामुळे रंग बदलायचा तर भिंतच बदलावी लागते. 2016 मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आणि आदिवासींसाठीची शबरी घरकुल योजना यांमुळे ती बदलतही आहे. केंद्रीय योजनेत घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर आणि साहाय्य सपाटीवर 1.20 लाख, डोंगराळ व दुर्गम भागांत 1.30 लाख रुपये ठरले. या रकमेत पाया, भिंती, छत झाल्यावर आतल्या रंगाला काय उरते, याचा हिशेब कोणालाही करता येईल.

तरीही त्या घरात रंगाची निवड होतेच. तालुक्याच्या दुकानात शेडकार्ड उलगडते, यंत्र हवी ती छटा मिसळून देते, आणि इतिहासात प्रथमच एका गरीब कुटुंबाला मातीने, चुन्याने किंवा सरकारने न ठरवलेला रंग मागता येतो. धुराच्या काजळीत आयुष्य काढलेल्या स्त्रीला स्वयंपाकघराची भिंत पिवळीधमक हवीशी वाटली, तर तिला सारवणाचे सौंदर्य समजावण्याचा अधिकार आपल्याला नाही. दर काही दिवसांनी शेण कालवून घर लिंपणे हे कष्टाचे काम होते, आणि ते तिच्याच वाट्याला येत होते.

परंतु या देवघेवीत काय गेले, त्याची नोंद मराठीच्या क्रियापदांत राहिली आहे. पूर्वी बाई घर सारवीत असे, पोतारीत असे. चुनाही बहुधा घरचीच माणसे देत. आता आपण घर 'रंगवून घेतो'. कर्तरी क्रियापद प्रयोजक झाले. रंगाची निवड घरमालकाच्या हाती आली, आणि भिंतीवर फिरणारा हात मात्र रोजंदारीवर गेला. जुन्या घराजवळ रंग मोजके होते, पण दरवर्षी भिंत नवी करण्याचे सामर्थ्य घरातच होते, जवळजवळ फुकट होते. नव्या घराजवळ हजारो छटा आहेत, पण भिंत पुन्हा नवी व्हायला पैसे साठावे लागतात. ते साठेपर्यंत घर एकाच रंगात जुने होत जाते. खोलीला कोणता रंग द्यावा, हे ठरवताना त्या रंगाचा दुसरा हात कोण आणि कधी देणार, हाही प्रश्न विचारावा, इतकेच हा इतिहास सुचवतो.