फुगवटा नसलेलं भिंग आणि १९५६ सालचा एक निबंध

माझ्या पीएचडीतलं निम्मं काम एका वाक्यात सांगता येतं. सपाट काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म खांब उभे करायचे आणि प्रत्येकाला वेगळ्या कोनात वळवायचं. झालं भिंग!

पण थांबा. तुमच्या चष्म्यातलं भिंग काम करतं ते जाडीमुळे. काच जिथे जाड तिथे प्रकाशाची लाट जास्त मागे पडते. आमच्या भिंगात सगळे खांब एकाच उंचीचे, एकाच आकाराचे. मग लाट मागेपुढे होते कशाने? नुसत्या कोनाने. हे का चालतं, याचं उत्तर बेंगळुरूत १९५६ साली मिळालं, लेसरचासुद्धा शोध लागायच्या आधी.

एस. पंचरत्नम तेव्हा २२ वर्षांचे होते. सी. व्ही. रामन यांचे भाचे, त्यांच्याच संस्थेत स्फटिकांवर काम करणारे. त्यांचा प्रश्न वरवर साधा होता: वेगवेगळं ध्रुवीकरण असलेल्या दोन किरणांची ‘घड्याळं जुळली’ असं कधी म्हणायचं? त्यांनी ठरवलं, दोन्ही एकत्र केल्यावर उजेड जास्तीत जास्त होतो तेव्हा. मग गंमत निघाली. पहिल्याचं दुसऱ्याशी जुळतं, दुसऱ्याचं तिसऱ्याशी जुळतं, पण तिसऱ्याचं पहिल्याशी जुळेलच असं नाही!

ध्रुवीकरणाच्या सगळ्या अवस्था एका गोलावर मांडता येतात. एका ध्रुवावर उजवं वर्तुळाकार, दुसऱ्यावर डावं. आमचा खांब प्रकाशाला एका ध्रुवावरून दुसऱ्यावर नेतो आणि कुठल्या रेखावृत्ताने न्यायचं ते खांबाचा कोन ठरवतो. दोन वाटांमध्ये जेवढं क्षेत्र अडकतं, त्यावरून फरक पडतो. खांब ३० अंश वळवा, लाट ६० अंश सरकते.

हा निबंध जवळपास तीस वर्षं कुणी फारसा हाताळला नाही. १९८४ साली ब्रिस्टलच्या मायकेल बेरी यांनी क्वांटम यांत्रिकीत अशीच कल्पना मांडली, तेव्हा एस. रामशेषन (पंचरत्नम यांचे भाऊ) आणि राजाराम नित्यानंद यांनी १९८६ साली ‘करंट सायन्स’मध्ये जुन्या कामाकडे बोट दाखवलं. बेरींनी ते मोकळेपणाने मान्य केलं, त्यावर लिहिलंही. पंचरत्नम मात्र १९६९ सालीच ऑक्सफर्डमध्ये गेले होते, अवघ्या ३५ व्या वर्षी. मला हे वाचून अजून चुटपुट लागते.

पुढे २०१६ साली हार्वर्डच्या फेडेरिको कपासो यांच्या गटाने ६०० नॅनोमीटर उंचीच्या खांबांची भिंगं करून दाखवली. ४०५, ५३२ आणि ६६० नॅनोमीटर, म्हणजे जांभळा, हिरवा, लाल. प्रत्येक रंगाला वेगळं भिंग, ही अडचण होतीच. दुसरी अडचण मी स्वतः भोगली आहे. गेल्या महिन्यात माझं भिंग प्रकाश गोळाच करेना, उलट पसरवायचं. दोन दिवस फॅब्रिकेशनला शिव्या घातल्या. खांब ठीक होते. मी प्रकाशच उलट्या वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा पाठवत होतो, आणि त्याच्यासाठी हेच भिंग अंतर्वक्र ठरतं. क्वार्टर-वेव्ह प्लेट ९० अंशांनी फिरवली आणि पडद्यावर हिरवा ठिपका उमटला.