पेट्रोल ओढावे की ढकलावे?

डहाणूच्या चिकूवाडीत उघड्या विहिरीवर बऱ्याचदा पंप काठाजवळ बसवलेला दिसतो. तलासरीकडे खोल बोअरवेल घेतली, की मात्र पंप नळीला बांधून थेट पाण्यात सोडावा लागतो. काठावरचा पंप पाणी 'ओढत' नाही. तो नळीतला दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब पाण्याला सुमारे १० मीटरपलीकडे चढवू शकत नाही. मोटारीतल्या पेट्रोलच्या पंपालाही काठापासून तळापर्यंत असाच प्रवास करावा लागला. त्याची अडचण मात्र उंचीची नव्हती, उष्णतेची होती.

सुरुवातीच्या अनेक मोटारींना पंप नव्हताच. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'ची टाकी आसनाखाली असे आणि पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने इंजिनाकडे उतरे. टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ लागला, की कार्ब्युरेटर पेट्रोलच्या पातळीपेक्षा वर जाई आणि गाडी बंद पडे. मग लोक गाडी वळवून रिव्हर्स गिअरमध्ये चढ चढत! टाकी मागे न्यायची तर पंप हवाच होता. तो इंजिनावरच बसवला गेला: कॅमशाफ्टच्या धक्क्याने खालीवर होणारा लवचीक पडदा आणि दोन झडपा. कुर्ल्याला तयार होणाऱ्या फियाट ११०० मध्ये आणि पुढे प्रीमियर पद्मिनीत असाच पंप होता.

पण तो तापलेल्या इंजिनाला चिकटलेला. पेट्रोलमधले हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. त्यात टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब कमी केलेला, आणि दाब घटला की उत्कलनबिंदू खाली येतो. म्हणजे जिथे उष्णता जास्त, नेमका तिथेच दाब कमी. नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पडदा वाफच दाबत-सोडत बसतो आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. याला 'व्हेपर लॉक' म्हणतात. एके काळी उन्हाळ्यात हमरस्त्यांवर (चारोटी-तलासरीचा पट्टाही त्यात आलाच) बॉनेट उघडून पंपावर ओले फडके टाकलेल्या गाड्या दिसत. बाष्पीभवनाने थंडावा, हे त्या चालकांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

इंग्लंडमधल्या एसयू कंपनीचा विजेवरचा पंप १९३०च्या दशकात रूढ झाला. त्याची रचना शाळेतल्या विद्युत घंटेसारखीच होती. विद्युतचुंबक पडदा ओढतो, त्यासरशी संपर्क तुटतो, स्प्रिंग पडदा परत ढकलते, संपर्क पुन्हा जुळतो. किल्ली फिरवली की टकटक सुरू. संपर्कबिंदू जळले की पंप रुसे, आणि पान्याने हळूच ठोकला की पुन्हा चालू होई. गंमत अशी, की १९४५च्या एमजी टीसी या स्पोर्ट्स मोटारीत हा पंप इंजिनाच्याच खोलीत होता. वीज आली, जागा मात्र तीच. १९५५च्या एमजीएमध्ये तो मागे, टाकीच्या बाजूला गेला, तेव्हा कुठे विजेचा खरा उपयोग झाला. लांब नळीत आता ओढ नव्हती, दाब होता. उत्कलनबिंदू वर गेला.

पंप मागे गेला तशी तार लांबली. जोरकस पंपाला १० अँपिअर प्रवाह लागतो असे धरू. तारेचा आणि सांध्यांचा रोध ०.२ ओहम असला, तर २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. पंपाचा आवाज येत राहतो, पण पूर्ण वेगात पेट्रोल अपुरे पडते. हवेच्या मानाने ते कमी झाले, की इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टन वितळण्यापर्यंत पाळी येते. म्हणून जाणते मेकॅनिक किल्लीच्या स्विचवर सगळा भार न टाकता रिले लावतात, बॅटरीपासून जाड तार नेतात आणि फ्यूज बॅटरीजवळच ठेवतात. पंप टाकीच्या तळाच्या पातळीला, रबरावर, सायलेन्सरपासून दूर बसवतात. परतीचा प्रवाह मोटारीच्या पत्र्यातून नेता येतो खरा. पण डहाणूच्या खाऱ्या हवेत तो सांधा गंजणार, तेव्हा परतीचीही स्वतंत्र तार बरी.

यांत्रिक पंपाचा एक गुण मात्र हरवला. इंजिन थांबले की तो आपोआप थांबे. विजेचा पंप अपघातानंतरही फुटक्या नळीतून पेट्रोल ओतत राहील! बॉशच्या १९७४च्या एल-जेट्रॉनिक पद्धतीत यासाठी हवेच्या वाटेतल्या पडदीला स्विच जोडला होता. हवा वाहायची थांबली की पंप बंद. फोर्डच्या अनेक मोटारींत चुंबकाने धरून ठेवलेली पोलादी गोळी असे. जोराचा धक्का बसला, की जडत्वामुळे गोळी जागेवरून सुटून परिपथ तोडे.

भारतात भारत स्टेज-२ ही मानके दिल्लीत २००० साली आणि मुंबईत २००१ साली लागू झाली. कार्ब्युरेटर मागे पडला आणि इंजेक्शनसाठी वातावरणाच्या सुमारे तिप्पट दाब देणारा पंप टाकीच्या आतच गेला, अगदी बोअरवेलसारखा. पेट्रोलमध्ये ठिणग्या उडवणारी विजेची मोटर? विद्यार्थी हा प्रश्न विचारतातच. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेट घेते. पेट्रोलच्या आत हवा नाही, आणि टाकीत पेट्रोलच्या वरच्या पोकळीत एरवी वाफच इतकी दाट असते, की मिश्रण पेटत नाही. उलट भोवतालचे आणि आतून वाहणारे पेट्रोलच त्या मोटरला थंड ठेवते. टाकी सतत तळाशी ठेवणाऱ्यांचे पंप लवकर जळतात ते त्यामुळेच.