क्लिकपुढचा हिशेब

वृत्तपत्रात किंवा चौकातील फलकावर जाहिरात दिली, तरी ती पाहून किती गिऱ्हाइके दुकानात आली, याचा नेमका आकडा दुकानदाराला मिळत नाही. इंटरनेटवरील जाहिरातीत तो बऱ्याच अंशी मिळतो. त्यासाठी संकेतस्थळाच्या पानात संगणकीय सूचनांच्या काही ओळी घातलेल्या असतात. त्यांनाच ‘ट्रॅकिंग कोड’ म्हणतात.

अमेरिकेतील ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर २७ ऑक्टोबर १९९४ रोजी जाहिरातीच्या पट्ट्या प्रथम झळकल्या. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी ‘कुकी’ तयार केली. ब्राउझरमध्ये ठेवलेल्या या छोट्या नोंदीमुळे परत आलेला पाहुणा ओळखता येतो. नोव्हेंबर २००५मध्ये गूगलने ‘अ‍ॅनालिटिक्स’ ही सेवा विनामूल्य खुली केली आणि हे मोजमाप छोट्या व्यावसायिकांच्याही आवाक्यात आले.

काम कसे चालते?

जाहिरातीवर क्लिक करून वाचक संकेतस्थळावर पोहोचताच हा कोड त्याच्या ब्राउझरमध्ये चालू होतो. वाचक कोणत्या जाहिरातीतून आला, याची नोंद होते. त्याने मागणी नोंदविली, की दुसरी नोंद होते. या दोहोंची सांगड घातली, की जाहिरातीचे फळ दिसते.

समजा, दोन जाहिरातींवर प्रत्येकी ५,००० रुपये खर्च झाले. पहिलीवर १,००० क्लिक झाले, पण मागण्या ५ आल्या. दुसरीवर ४०० क्लिक होऊन २० मागण्या आल्या. पहिलीत एका मागणीमागे १,००० रुपये पडले, दुसरीत केवळ २५०. नुसते क्लिक मोजणारा व्यावसायिक पहिल्याच जाहिरातीवर पैसे ओतत राहिला असता.

आकड्यांची मर्यादा

मात्र जाहिरातीनंतर झालेली प्रत्येक विक्री जाहिरातीमुळेच झाली, असे नव्हे. ‘ईबे’ने २०१२मध्ये आपल्याच नावाच्या शोधाला जोडलेल्या जाहिराती काही ठिकाणी बंद करून पाहिल्या. तेव्हा जवळजवळ सर्व ग्राहक शोधयंत्रातील विनामूल्य दुव्यावरून आलेच. त्यामुळे एखादी जाहिरात काही काळ थांबवून विक्रीत काय फरक पडतो, हे तपासणे श्रेयस्कर ठरते.

दुसरा प्रश्न खासगीपणाचा. एकाच कंपनीचा कोड अनेक संकेतस्थळांवर असेल, तर वाचकाच्या आवडीनिवडींचा माग तिला काढता येतो. युरोपीय संघाचा माहिती संरक्षण कायदा मे २०१८पासून लागू झाला. ‘अ‍ॅपल’ने २०२०मध्ये सफारी ब्राउझरमध्ये त्रयस्थांच्या कुकी रोखल्या. भारतातही २०२३मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला.

परिणामी कोडला आता प्रत्येक ग्राहक दिसत नाही. म्हणून कोडने दाखविलेल्या मागण्या दुकानाच्या खतावणीशी ताडून पाहाव्यात आणि नोंद घेण्यापूर्वी वाचकाची संमती मागावी. हिशेब चोख हवा, तसा तो उघडही हवा.