त्वचा-निर्लेखनाच्या दोन परंपरा : अम्ल आणि घर्षण

त्वचेचा वरचा मृत थर काढला असता खालची त्वचा अधिक नितळ दिसते, हे ज्ञान प्राचीन आहे. आयुर्वेदातील उद्वर्तन आणि दिवाळीतील उटणे ही त्याचीच रूपे होत. तथापि आज त्वचारोगतज्ज्ञ रुग्णापुढे ‘केमिकल पील’ की ‘डर्माब्रेझन’ असा जो पर्याय ठेवतात, त्याची जडणघडण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोप-अमेरिकेत झाली.

१८८२ साली हॅम्बर्गच्या पॉल गेर्सन उन्ना यांनी सॅलिसिलिक अम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोॲसेटिक अम्ल यांच्या त्वचेवरील परिणामांचे वर्णन केले. घर्षणाची वाट १९०५ च्या सुमारास जर्मनीतील अर्न्स्ट क्रोमायर यांनी फिरत्या उपकरणांनी दाखविली. १९५३ मध्ये ॲबनर कर्टिन यांनी तारेच्या ब्रशाने ती प्रचारात आणली.

यांपैकी फिनॉलची हकीकत विशेष लक्षणीय आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान अमेरिकेत हा उपचार वैद्यकीय पदवी नसलेल्या सौंदर्यव्यावसायिकांच्या हाती होता व त्यांची सूत्रे गुप्त असत. १९६० च्या दशकारंभी बेकर आणि गॉर्डन या शल्यचिकित्सकांनी सूत्र उघड केले : ८८ टक्के फिनॉल ३ मिली, पाणी २ मिली, द्रव साबण ८ थेंब आणि क्रोटन तेल ३ थेंब. हे क्रोटन तेल म्हणजे आपल्या वैद्यांना तीव्र रेचक म्हणून परिचित असलेल्या जमालगोट्याचे तेल. परिणामाचे सारे श्रेय मात्र कित्येक वर्षे फिनॉललाच मिळत राहिले. उपचाराची खोली प्रामुख्याने या तेलाच्या प्रमाणावर अवलंबून असते, हे ग्रेगरी हेटर यांनी २००० साली दाखवून दिले. फिनॉल रक्तात शोषले जाऊन हृदयाची लय बिघडवू शकते. तेव्हा ही चूक केवळ शास्त्रीय तपशिलाची नव्हती.

१९७४ मध्ये व्हॅन स्कॉट आणि यू यांनी अल्फा हायड्रॉक्सी अम्लांचा अभ्यास मांडला, तो इक्थिओसिस या खवलेदार त्वचेच्या विकारासंदर्भात. सौंदर्योपचारातील ग्लायकॉलिक पील ही त्याची पुढची पायरी. १९८० च्या दशकात इटलीत स्फटिककणांचा मारा करणारे मायक्रोडर्माब्रेझनचे यंत्र आले.

या इतिहासातील बहुतेक प्रयोग गोऱ्या त्वचेवर झाले, ही बाब भारतीय वाचकाने नजरेआड करू नये. सावळ्या त्वचेला इजा झाल्यास रंगद्रव्य वाढून काळे डाग उरतात. खोल फिनॉल पीलने उलट कायमचे पांढरे चट्टेही पडू शकतात. म्हणून अशा त्वचेसाठी सौम्य ग्लायकॉलिक वा सॅलिसिलिक पील, तेही अंतराने आणि उन्हापासून संरक्षण घेऊनच, श्रेयस्कर मानले जातात. मायक्रोडर्माब्रेझन वरवरचा खडबडीतपणा घालविते. खोलवरच्या वांगांवर त्याचा उपयोग मर्यादित आहे. आपल्याकडे ‘नितळ’ आणि ‘गोरी’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. यांतील कोणताही उपचार जन्मजात वर्ण बदलत नाही, हे रुग्णाला आधी सांगावे लागते ते त्यामुळेच.