कर्णा, पेटी आणि कान

घरीं गाणें ऐकण्याची यंत्रसामग्री घ्यावयाची ठरली, म्हणजे गृहस्थ प्रथम चौकशी करतो ती ॲम्प्लिफायरची. हें स्वाभाविकच आहे. ॲम्प्लिफायरला आंकडे असतात. त्याची शक्ति किती वॉटांची, त्यांत आवाजाची विकृति शेंकडा किती, हें छापील पत्रकांत वाचतां येतें. आणि मोठा आंकडा तो चांगला माल, हा हिशेब दुकानांत उभ्याउभ्याहि करतां येतो. स्पीकरची गोष्ट निराळी. ती एक लांकडी पेटी. तोंडावर कापड, आंत कागदाचा शंकु, आणि बाहेर पडणारा आवाज चांगला कीं वाईट हें सांगावयास आपल्या कानावांचून दुसरा साक्षीदार जवळ नाहीं. या साक्षीदारावर आपला फारसा भरंवसा नसल्यामुळें आपण आंकड्यांकडे वळतों. परंतु या जोडयंत्राचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर पैसा आणि लक्ष कोठें द्यावें याविषयीं तो अगदीं उलट साक्ष देतो, असें मला वाटतें.

आरंभीं या जोडींतील दोघेहि नव्हते. एडिसनच्या फोनोग्राफांत सुईचा कंप पडद्याला व पडद्याचा कर्ण्यांतील हवेला मिळे. विजेचा त्यांत संबंध नसे. तरीहि १९१५ पासून एडिसनच्या कंपनीनें अमेरिकेंत गांवोगांव जाहीर परीक्षा मांडल्या. रंगमंचावर गायिका यंत्राच्या बरोबर गाई, मध्येंच दिवे मालवले जात, आणि पुन्हां उजेड झाला म्हणजे गायिका केव्हांच निघून गेली असून यंत्र एकटेंच गात आहे असें लोकांस दिसे. श्रोते थक्क होत. त्या काळचीं मुद्रणें आज ऐकणारास हें खरें वाटणार नाहीं. पण त्या गायिकांपैकीं ॲना केस हिनें पुढें कबूल केलें कीं, यंत्राशीं जुळेल इतपतच आपला आवाज ती आवरून धरीत असे. यंत्रास मनुष्याच्या पातळीवर चढविण्याऐवजीं मनुष्यच खालीं उतरला होता. आणि थक्क होण्याच्या तयारीनेंच आलेल्या श्रोत्यांना तें कळलें नाहीं.

ली डी फॉरेस्ट यानें १९०६ सालीं आपला तीन अग्रांचा व्हॉल्व्ह काढला, आणि कांहीं वर्षांनीं त्याच्या साहाय्यानें दुबळा विद्युत्प्रवाह मोठा करतां येऊं लागला. पण मोठा केलेला प्रवाह हवेंत उतरविणार कोण? त्याचें उत्तर जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील राइस व केलॉग या दोघां इंजिनिअरांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केलें. कागदी शंकूच्या बुडाशीं तारेचें हलकें वेटोळें चिकटवावयाचें व तें चुंबकाच्या फटींत मोकळें सोडावयाचें. प्रवाह येईल तसें वेटोळें पुढेंमागें सरकतें, शंकु हलतो, आणि हवा हलते. आजचे बहुतेक स्पीकर अद्याप याच तत्त्वावर चालतात. यांतली मौज अशी कीं, हा स्पीकर तयार झाल्यावर त्याला पुरेसा प्रवाह देईल असें त्या वेळच्या रेडिओंत कांहीं नव्हतें. म्हणून त्यांस सुमारें एक वॉटाचा ॲम्प्लिफायरहि त्याच्यासाठीं मुद्दाम तयार करावा लागला. सोयरीक जमली ती अशी. स्पीकर आधीं आला व त्याच्या गरजेनें ॲम्प्लिफायर आला, हा क्रम ग्राहक पुढें विसरला.

ॲम्प्लिफायरचें भाग्य मात्र लवकर उघडलें. हॅरल्ड ब्लॅक हा बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेंतील तरुण इंजिनिअर. लांबच्या टेलिफोन-मार्गावर एकामागून एक ॲम्प्लिफायर बसवावे लागत, आणि प्रत्येकाची विकृति पुढच्याच्या विकृतींत मिळत जाई. २ ऑगस्ट १९२७ रोजीं सकाळीं हडसन नदी ओलांडून तो कामावर निघाला असतां नावेंतच त्याला युक्ति सुचली, व हातांतल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावर त्यानें ती टिपून घेतली. बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा थोडा भाग उलटा करून परत आंत सोडावयाचा. म्हणजे यंत्रानें पदरचें जें कांहीं मिसळलें असेल तें बरेंचसें आपोआप खोडलें जातें. मोठें करण्याची शक्ति त्यांत खर्च होते, पण शुद्धता हातीं लागते. पेटंट-कचेरीला हें इतकें विपरीत वाटलें कीं, पेटंट मिळण्यास १९३७ साल उजाडावें लागलें.

या युक्तीचें घरगुती फळ इंग्लंडांत पिकलें. युद्ध संपलें होतें, रेशन संपलें नव्हतें. १९४५ सालीं हॅरल्ड लीक यानें ‘पॉइंट वन’ या नांवाचा ॲम्प्लिफायर विक्रीस काढला. विकृति शेंकडा एकदशांश, म्हणजे हजारांत एक, हाच त्या नांवाचा अर्थ. पुढें १९४७ च्या एप्रिल व मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकांत डी. टी. एन. विल्यमसन यानें आपल्या ॲम्प्लिफायरची संपूर्ण रचना छापून टाकली. शक्ति १५ वॉट, विकृति हजारांत एकाहून कमी. कोणते व्हॉल्व्ह घ्यावे, ट्रान्सफॉर्मरचीं वेटोळीं कशीं गुंडाळावीं, सगळें त्यांत होतें. गुपित म्हणून कांहीं ठेवलें नव्हतें. झाळण्याचें हत्यार हातीं धरतां येणाऱ्या देशोदेशींच्या हौशी लोकांनीं तो घरीं बांधला. माझ्या मतें ॲम्प्लिफायरचा प्रश्न पुष्कळ अंशीं तेथेंच सुटला. पुढें ट्रान्झिस्टर आले, यंत्रें हलकीं, थंड व स्वस्त झालीं, शक्ति वाढली. पण जें कानाला कळतें त्यांत विल्यमसनच्या पुढें पडलेलें पाऊल फार मोठें नाहीं. उलट त्याच काळच्या उत्तम स्पीकरांतहि खर्जाच्या सुरांवर विकृति याच्या कित्येक पट असे. ती आजहि असते.

हें ज्यांना पुरतें ठाऊक होतें त्यांत गिल्बर्ट ब्रिग्ज हा एक. कापडाच्या धंद्यांतला हा यॉर्कशरचा गृहस्थ पियानोचा मोठा षौकी. इल्क्ली येथील आपल्या घराच्या तळघरांत त्यानें १९३२ सालीं ‘व्हार्फडेल’ या नांवाचे स्पीकर बनविण्यास आरंभ केला, आणि १९४८ सालीं सामान्य माणसाला समजेल असें स्पीकरविषयींचें पुस्तक लिहिलें. १ नोव्हेंबर १९५४ रोजीं त्यानें लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल भाड्यानें घेतला. सुमारें तीन हजार माणसें बसतील असें हें सभागृह. ॲम्प्लिफायर पीटर वॉकर याचे, आणि त्या जातीच्या एकेकाची शक्ति अवघी १५ वॉट. वादकांचें प्रत्यक्ष वादन व मुद्रित वादन पाळीपाळीनें ऐकवून त्यानें लोकांस तुलना करूं दिली. एडिसनच्या परीक्षेंत दिवे मालवीत. येथें डोळे उघडे ठेवून चुका शोधण्याचें आमंत्रण होतें. पुढच्या वर्षीं त्यानें न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येंहि हाच प्रयोग केला.

पंधरा वॉटांत येवढें सभागृह कसें भरलें, हा प्रश्न वॉट मोजणाऱ्या आजच्या ग्राहकानें स्वतःस अवश्य विचारावा. आवाज नुसत्या वॉटांनीं ठरत नाहीं. एका वॉटाचा स्पीकर किती आवाज करतो यावर पुष्कळ अवलंबून असतें. शक्ति दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबेलांनीं चढतो. कानाला दुप्पट वाटावा अशी इच्छा असेल तर शक्ति सुमारें दसपट लागते. अमेरिकेंत पॉल क्लिप्श यानें १९४६ पासून जो मोठा कर्णा विकला, तो खोलीच्या कोपऱ्यांत बसे व दोन भिंतींनाच आपलें तोंड करून घेई. असा कर्णा आणि एखादी लहान पेटी यांत वीस डेसिबेलांचें अंतर पडूं शकतें. म्हणजे कर्ण्याला जेथें एक वॉट पुरतो तेथें पेटीला शंभर हवेत. मग लोकांनीं कर्णा कां सोडला? तर घरांत त्याला जागा नव्हती. १९५४ सालीं एडगर विल्चर यानें घट्ट बंद पेटींतील हवेचीच स्प्रिंग करून शंकु तिच्यावर तोलला, आणि पुस्तकांच्या फळीवर मावेल अशा पेटींतून भरदार खर्ज काढून दाखविला. त्याची किंमत वॉटांत मोजावी लागली. चार वर्षांनीं दुहेरी मुद्रणाच्या तबकड्या आल्या व एका पेटीच्या दोन झाल्या, तेव्हां लहान पेटीचा जय कायमचा ठरला. त्याच परंपरेंतील अँटन हॉफमन यानें (पियानोवादक योसेफ हॉफमन याचा हा मुलगा) हा व्यवहार एका नियमांत बसविला आहे: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तींत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहींत, दोन घ्या, तिसरी सोडा. ॲम्प्लिफायर किती वॉटांचा घ्यावा याचें उत्तर या नियमांत आहे, आणि तें स्पीकर ठरल्याशिवाय निघत नाहीं.

आंकड्यांवर विसंबून फसणारे सगळे आपल्यासारखे अजाणच असतात असें मात्र नाहीं. बंगालांतून राजकीय कारणानें अमेरिकेस गेलेल्या क्रांतिकारकाचा मुलगा अमर बोस हा १९५६ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत होता. त्यानें पत्रकांतील गुण पारखून एक उत्तम संच विकत घेतला. घरीं आणून लावला तर व्हायोलिन कर्कश वाटूं लागलें. आणि लहानपणीं तें वाद्य शिकलेला असल्यामुळें त्याला फसवणें सोपें नव्हतें. आपण मोजतों तें व ऐकतों तें यांत अंतर कां पडतें, याच शोधांत त्याचें पुढचें आयुष्य गेलें. त्याच्या स्पीकरांविषयीं जाणत्यांत मतभेद आहेत, मीहि त्यांचा भक्त नाहीं. पण प्रश्न त्यानें योग्य जागीं विचारला होता.

ॲम्प्लिफायरबद्दलचा वाद १९७८ सालीं एकदां उघड परीक्षेस उभा राहिला. व्हॉल्व्हचा आवाज मधुर व ट्रान्झिस्टरचा रुक्ष, असें म्हणणारे तेव्हांहि पुष्कळ होते. वॉकरच्या कारखान्याचे तीन ॲम्प्लिफायर, एक जुना व्हॉल्व्हचा व दोन ट्रान्झिस्टरचे, जेम्स मॉयर यानें जाणत्या श्रोत्यांपुढें नांवें झांकून वाजविले. कोणता केव्हां वाजत आहे हें त्या मंडळींना निश्चयानें ओळखतां आलें नाहीं. हें वाचण्यापूर्वीं मीहि एका दुकानांत दोन ॲम्प्लिफायर ऐकून महागाचाच पसंत केला होता. त्याचा आवाज मोकळा वाटला. मग सहज हात गेला तेव्हां दिसलें कीं, त्याची कळ दुसऱ्यापेक्षां किंचित् पुढें फिरविलेली होती. ती मागें घेतली आणि मोकळेपणा नाहींसा झाला. किंचित् मोठा आवाज कानाला नेहमीं चांगला आवाज वाटतो, आणि हें दुकानदारांस आपल्यापेक्षां अधिक ठाऊक असतें.

स्पीकरांची तशीच परीक्षा फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केली. चाळीस श्रोते, तेच स्पीकर एकदां पडद्याआड, एकदां उघडे. पडद्याआड असतां फरक ऐकूं येत होते व स्पीकर कोठें ठेवला आहे यानेंहि मत बदलत होतें. पडदा उघडतांच मोठ्या व देखण्या पेट्यांचे गुण वाढले, लहानशा स्वस्त संचाचे घटले, आणि जागेच्या फरकाकडे लक्षच राहिलें नाहीं. आपल्याकडील दिवाणखान्यांत ही जागेची गोष्ट अधिकच जाचते. फरशी गुळगुळीत, भिंती सिमेंटच्या, सतरंजी गुंडाळून माळ्यावर. आणि दोन्ही स्पीकर शोभेसाठीं कोपऱ्यांत दडपलेले. अशा खोलींत खर्ज घुमतो व वरचे सूर भिंतींवर आपटून परततात, मग ॲम्प्लिफायर कितीहि शुद्ध असो.

माझ्या घरीं कित्येक वर्षें तंबोरा म्हणजे एक जाड घुमारा तेवढा ऐकूं येई. जवारींतून उठणारा सुरांचा पिसारा कधीं उलगडलाच नाहीं. नवा ॲम्प्लिफायर घेण्याचा बेत अगदीं ठरत आला होता. त्याच सुमारास हें सगळें वाचनांत आलें, म्हणून एका रविवारीं दोन्ही पेट्या कोपऱ्यांतून हातभर पुढें ओढल्या, माळ्यावरची सतरंजी अंथरली, आणि नेहमींचीच मुद्रिका लावली. आंतून घरांतलीं मंडळी विचारतीं झालीं, “आज तंबोरा कोणी लावला?”