आईची मांडी आणि पाठमोरें आसन

गेल्या वर्षीं आमच्या कन्येस पहिलें अपत्य झालें. सूतिकागृहांतून बाळंतिणीस घरीं आणावयाचें म्हणून जांवईबापू मोटार घेऊन आले. मोटारीच्या मागील बाकावर टोपलीवजा एक आसन, त्याचें तोंड मागील काचेकडे करून, पट्ट्यानें आवळून बसविलेलें होतें. आमच्या मातोश्री तें पाहून थबकल्याच. "आईची मांडी असतां लेकराला ह्या टोपलींत कां बांधतां? आणि तेंहि उलटें?" असा त्यांचा प्रश्न. मनांतून आम्हीहि त्यांच्याच पक्षाचे होतों हें कबूल केलें पाहिजे. कारण हीच कन्या आम्हीं सत्तावीस वर्षांपूर्वीं तिच्या आईच्या मांडीवर घरीं आणली होती. पुढें ह्या आसनाचा इतिहास धुंडाळला, तेव्हां कळून आलें कीं, मातोश्रींचा प्रश्न केवळ आमच्या घरचा नव्हता. अमेरिकेंतील एका राज्याच्या विधिमंडळांत तोच उपस्थित झाला होता, आणि त्याचें चुकीचें उत्तर तेथें कांहीं वर्षें कायद्यांत ठाण मांडून बसलें होतें.

मोटारींत मुलांसाठीं निराळें आसन असावें ही कल्पना १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत रूढ होऊं लागली होती. परंतु तिचा हेतु संरक्षणाचा नव्हता. मूल जागचें हलूं नये आणि त्याला खिडकीबाहेरील मौज दिसावी, एवढ्याचसाठीं तें उंचावर बसवीत. कांहीं आसनें बाकाच्या पाठीला नुसतीं आंकड्यांनीं अडकविलेलीं असत. कांहींना खेळण्यांतलें सुकाणूचक्रहि असे. मोटार आदळल्यास मुलाचें काय होईल, हा विचार त्यांत कोठेंहि नव्हता.

तो विचार स्वीडन देशांत पक्व झाला. १९५९ सालीं नील्स बोलीन ह्या अभियंत्यानें व्होल्वो कंपनींत तीन ठिकाणीं जखडणारा पट्टा तयार केला, आणि कंपनीनें तो इतर कारखानदारांसहि वापरूं दिला. पण हा पट्टा प्रौढांच्या खांद्यासाठीं व कमरेसाठीं. तान्ह्या बाळास त्याचा उपयोग काय? हें कोडें गोटेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठाशीं पुढें निगडित झालेले डॉक्टर बर्टिल आल्डमान ह्यांनीं हातीं घेतलें. अमेरिकेचे अंतराळवीर जेमिनी यानांत उताणे, पाठ टेकून बसतात; उड्डाणाचा प्रचंड रेटा त्यांच्या संबंध पाठीवर सारखा पसरतो आणि कोणत्याहि एका अवयवावर तुटून पडत नाहीं. हें पाहून त्यांस युक्ति सुचली असें सांगतात. १९६४ सालीं त्यांचें पहिलें पाठमोरें आसन व्होल्वोच्या मोटारींत पारखण्यांत आलें, आणि १९७२ सालीं त्या कंपनीनें तसें आसन बाजारांत आणलें.

ह्यामागील तत्त्व असें. नवजात बालकाचें डोकें त्याच्या लांबीच्या सुमारें चौथा हिस्सा असतें. मानेचे मणके पुरते हाडांचे झालेले नसतात, ते कूर्चेनें जोडलेले असतात. मोटार समोरून आदळली कीं पुढें तोंड करून बसलेल्या मुलाचें धड पट्टा अडवितो, पण डोकें पुढें फेंकलें जातें, आणि सगळा ताण त्या कोंवळ्या मानेवर येतो. तोंड मागें असलें म्हणजे डोकें, मान व पाठ हीं तिन्ही एकदमच आसनाच्या पाठींत दाबलीं जातात. आतां मांडीचा विचार करूं. ताशीं ५० किलोमीटर वेगाची मोटार अर्ध्या मीटरच्या आंत थांबली, तर आंतील प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारें वीसपट जोर येतो. म्हणजे ४ किलोचें बाळ त्या क्षणीं ८० किलोचें होतें. असा भार तोलून धरील असे हात कोणत्याहि मातेचे नाहींत, मग तिची माया कितीहि अपार असो. आणि तिनें स्वतः पट्टा बांधला नसेल, तर तिच्याच देहाखालीं बाळ चिरडतें.

अमेरिकेंतील टेनेसी राज्यानें १९७७ सालीं मुलांना सुरक्षित आसनांत बसविण्याचा कायदा केला. त्या देशांतील तो पहिलाच. त्यासाठीं रॉबर्ट सँडर्स ह्या बालरोगतज्ज्ञांनीं अविश्रांत खटपट केली होती. परंतु कायदा संमत होतांना त्यांत एक सवलत शिरली: मूल वडीलधाऱ्या माणसाच्या हातांत असेल तर आसन नको! विरोधकांनीं ह्या सवलतीला 'मुलें चिरडणारें कलम' असें नांव दिलें. तरी तें १९८१ सालीं रद्द होईपर्यंत कायद्यांत राहिलेंच. १९८५ पर्यंत त्या देशांतील सर्व राज्यांनीं असे कायदे केले. कायदे करणारे कांहीं दुष्ट नव्हते. आमच्या मातोश्रींप्रमाणेंच त्यांचाहि मांडीवर विश्वास होता.

आसन आलें म्हणजे काम झालें असें मात्र नाहीं. तें नीट बसविणें हीच खरी विद्या. पट्टा ज्या वाटेनें आसनांतून जातो तेथें धरून हलविलें असतां तें इंचभराहून अधिक हलतां कामा नये. नवजात बाळासाठीं तें पुरेसें कललेलें असावें. फार उभें असल्यास हनुवटी छातीवर पडून श्वास कोंडतो. पाठमोऱ्या बाळाचे पट्टे खांद्यांच्या पातळींत किंवा किंचित् खालून निघावेत, आणि खांद्यापाशीं चिमटींत धरूं गेल्यास हातीं लागूं नयेत इतके घट्ट असावेत. दुपटें गुंडाळावयाचें तें पट्ट्यांच्या वरून, आंतून नव्हे. आणखी एक सावधगिरी प्राणांतिक आहे: समोरच्या बाकापुढें हवेची पिशवी चालू असेल, तर तेथें हें आसन कदापि ठेवूं नये. पिशवी फुगतांना आसनाच्या पाठीवर जो तडाखा बसतो, त्यानें १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत तान्हीं मुलें दगावलीं. मोठ्यांच्या रक्षणासाठीं काढलेलें साधन लहानांच्या जिवावर उठलें.

आमच्या देशांत २०१९ सालच्या सुधारणेनें मोटारवाहन कायद्यांत कलम आलें. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्यानें वा बालआसनानें सुरक्षित न करतां नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या धाकानें मातोश्रींचें समाधान कसें व्हावें? त्यांस वीसपटीचें गणित सांगितलें तें जांवईबापूंनीं, तेथेंच, मोटारीच्या दाराशीं. त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग आपल्याच हातांकडे पाहत म्हणाल्या, "ह्या हातांनीं पांच जणांना घरीं आणलें. देवानें सांभाळलें म्हणावयाचें." आणि त्यांनीं बाळ कन्येच्या हातून घेऊन स्वतःच त्या आसनांत निजविलें. घरीं आल्यावर उंबरठ्यावर भाकरतुकडा ओंवाळून टाकला, तोहि त्यांनींच. एका प्रथेसाठीं दुसरी सोडावी लागली नाहीं. आणि आम्हांस इतिहासाचा जो पाठ ग्रंथांत सांपडला नव्हता, तो त्या दिवशीं मोटारीच्या दाराशीं मिळाला.