भेटींच्या गुणाकाराची कुळकथा

दोन पदार्थ एकत्र मिसळले की त्यांच्यातील अभिक्रियेचा वेग दोघांच्या संहतींच्या गुणाकारावर ठरतो. अभिक्रिया व्हायची तर रेणूंची टक्कर व्हावी लागते. एका प्रकारचे १०० आणि दुसऱ्या प्रकारचे ५० रेणू असतील, तर टक्कर होऊ शकेल अशा जोड्या ५,००० भरतात. दोन्हींची संख्या दुप्पट केली की जोड्या चौपट होतात. रसायनशास्त्रात याला मास ॲक्शनचा नियम म्हणतात. रेणूंसाठी मांडलेला हा नियम पुढे साथीच्या रोगांना लावला गेला, मग अफवांना, मग संगणकांच्या जाळ्यांना. विसाव्या शतकात माणसांच्या वर्तनाचे जे गणित उभे राहिले, त्याचा फार मोठा भाग या एका गुणाकारावर उभा आहे.

नियमाची पूर्वतयारी जुनी आहे. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत गेलेल्या क्लोद लुई बेर्तोले या फ्रेंच रसायनज्ञाने तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठी सोडा साचलेला पाहिला. प्रयोगशाळेत जी अभिक्रिया एका दिशेने जाते, ती इथे उलट्या दिशेने चालली होती. पदार्थ कोणते आहेत याइतकेच ते किती आहेत यालाही महत्त्व असते, हा निष्कर्ष त्याने काढला. १८५० मध्ये लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने आम्लात साखरेचे विघटन किती वेगाने होते ते मोजले आणि तो वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असल्याचे दाखवले. नियमाला सर्वसाधारण रूप मात्र नॉर्वेत मिळाले. गणिती काटो गुल्डबर्ग आणि रसायनज्ञ पीटर वागे हे दोघे साडू. त्यांनी १५ मार्च १८६४ रोजी क्रिस्टियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, आपले काम मांडले. ते नॉर्वेजियन भाषेत असल्याने युरोपात कोणी फारसे वाचले नाही. १८६७ मध्ये त्यांनी ते फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केले, तरी १८७९ च्या जर्मन लेखापर्यंत त्यांना त्यांचे श्रेय नीट मिळाले नाही.

माणसांकडे हा गुणाकार प्रथम वळला तो गोवराच्या निमित्ताने. लंडनमधील डॉक्टर विल्यम हेमर यांनी १९०६ मध्ये असे मांडले, की नव्या रुग्णांची संख्या ही रोग होऊ शकेल अशी माणसे आणि रोग झालेली माणसे यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. गोवराची साथ ठरावीक वर्षांनी का परतते, याचे उत्तर त्यांना या संबंधातून काढायचे होते. हेमर यांनी रसायनशास्त्राचे नाव घेतले नव्हते. ते साम्य उघडपणे मांडले एच. ई. सोपर यांनी, १९२९ मध्ये. तोवर दोन स्कॉटिश संशोधकांनी या गुणाकारावर साथींचे पूर्ण सूत्र रचले होते, आणि त्या सूत्राची पहिली प्रसिद्ध पडताळणी मुंबईच्या आकड्यांवर झाली होती.

त्या दोघांपैकी अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. १९०१ मध्ये ते रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर सिएरा लिओनमधल्या मलेरियाविरोधी मोहिमेवर गेले होते. डासांच्या संख्येचे आणि मलेरियाचे गणित मांडणाऱ्या रॉस यांचा प्रभाव त्यांच्यावर कायम राहिला. पुढे ते कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक झाले आणि आजारपणामुळे १९२० मध्ये एडिंबरोला परतले. तिथल्या प्रयोगशाळेत त्यांना विल्यम केरमॅक भेटले. केरमॅक हे व्यवसायाने रसायनज्ञ. १९२४ मध्ये प्रयोग करताना दाहक अल्कलीच्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. वय होते २६. त्यानंतरचे सगळे गणित त्यांनी मनात मांडून, दुसऱ्यांकडून वाचून घेऊन केले. अभिक्रियांचे वेग ज्याच्या रोजच्या कामात होते असा माणूस आणि भारतातल्या साथी ज्याने जवळून पाहिल्या होत्या असा माणूस, या जोडीचा लेख १९२७ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला.

त्यांच्या मांडणीचे सर्वांत सोपे रूप दोन अभिक्रियांसारखे लिहिता येते. निरोगी आणि बाधित भेटले की दोघेही बाधित होतात. आणि बाधित माणूस काही काळाने बरा होऊन किंवा मरून साखळीबाहेर पडतो. पहिलीचा वेग गुणाकाराने ठरतो, दुसरीचा फक्त बाधितांच्या संख्येने. एवढ्यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघाला: साथ थांबते ती सगळे लोक आजारी पडून संपल्यामुळे नव्हे. रोग होऊ शकेल अशा लोकांची संख्या एका उंबरठ्याखाली गेली, की पुष्कळ लोक रोगापासून वाचलेले असतानाच ती ओसरते. लसीकरणात सर्वांना लस न मिळताही साथ रोखता येते, यामागचे गणित हेच.

पडताळणीसाठी त्यांनी मुंबई बेटावरील प्लेगमृत्यूंचे १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले साप्ताहिक आकडे घेतले. मुंबईत प्लेगचे निदान १८९६ मध्ये मांडवीत झाले होते, गोव्यात जन्मलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस यांच्या हातून. त्यानंतर दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस साथ चढे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी उतरे. केरमॅक-मॅकेंड्रिक यांच्या सूत्रातून आलेली घंटेच्या आकाराची वक्ररेषा आठवड्याला ८९० मृत्यूंचे शिखर सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर दाखवते. नोंदलेले आकडे तिच्याशी इतके जुळतात, की ही आकृती पुढे अनेक पाठ्यपुस्तकांत गेली.

त्या आकृतीखालची टीप मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच आली, आणि ती वाचायलाच हवी अशी आहे. प्लेग मुख्यतः उंदीर आणि पिसवा यांच्यामार्फत पसरतो, हे लेखकांना ठाऊक होते. मुंबईतच काम करणाऱ्या प्लेग आयोगाने ते दाखवून दिले होते. माणसांतली साथ ही उंदरांतल्या साथीची छाया आहे, बेटावरच्या प्रत्येक उंदराला रोग होण्याची शक्यता सारखी आहे, पिसवा भरपूर आहेत, अशी गृहीतके त्यांनी एकेक करून लिहिली आणि यांपैकी एकही पूर्णपणे खरे नसल्याने आपले समीकरण अगदी ढोबळ आहे असेही नोंदवले. ऋतूंचा परिणाम त्यात नव्हताच. रेणूंचा नियम माणसांना लावताना काय गमावले जाते, याची इतकी प्रामाणिक नोंद या विषयात फार थोड्यांनी केली आहे.

पुढचा प्रश्न योगायोगाचा होता. परीक्षानळीत रेणू अगणित असतात, म्हणून सरासरीवर भागते. गावात सुरुवातीला एकच रुग्ण असतो. तो कोणाला भेटण्याआधी बरा झाला तर साथच येत नाही. पेशीतही एखाद्या जनुकाच्या एक-दोनच प्रती असतात. डेव्हिड केंडल यांनी १९५० मध्ये जन्म-मृत्यूची साखळी यादृच्छिक संख्यांच्या साहाय्याने एकेक घटना घेत चालवून दाखवली. मॉरिस बार्टलेट यांनी गोवराच्या साथी मँचेस्टरच्या संगणकावर तशाच चालवल्या आणि सुमारे अडीच-तीन लाखांहून लहान शहरात गोवर अधूनमधून पूर्ण नाहीसा होतो, असे आकड्यांवरून दाखवले.

याच पद्धतीला रसायनशास्त्रात पक्के स्थान दिले डॅनियल गिलेस्पी यांनी. कॅलिफोर्नियातल्या चायना लेक येथील नौदलाच्या शस्त्रसंशोधन केंद्रात काम करताना त्यांनी १९७६ आणि १९७७ मध्ये दोन लेख प्रसिद्ध केले. त्यांची रीत दोनच प्रश्न विचारते: पुढची अभिक्रिया केव्हा होईल, आणि ती कोणती असेल? दोन्हींची उत्तरे सोडतीने काढायची. सर्व संभाव्य अभिक्रियांचे वेग मिळवले की थांबण्याचा काळ कसा निवडायचा ते कळते. ज्या अभिक्रियेचा वेग जास्त, तिची चिठ्ठी निघण्याची शक्यता जास्त. मग रेणूंची मोजदाद बदलायची आणि पुन्हा सोडत काढायची. रेणूंच्या टकरींच्या भौतिकीतून ही रीत काटेकोरपणे निघते, हे गिलेस्पी यांनी सिद्ध केले. ती अदमासाची युक्ती नव्हे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जीवशास्त्रज्ञांनी ती जनुकांच्या कामाला लावली. साथींचे संशोधकही हाच अल्गोरिदम वापरतात, कारण ‘निरोगी अधिक बाधित’ ही त्याच्या दृष्टीने आणखी एक अभिक्रियाच.

माणसे बोलतात, ऐकतात, घाबरतात; तिथेही हे गणित पोहोचले. केंडल आणि डॅरिल डेली यांनी १९६४ मध्ये अफवेचे प्रारूप मांडले. अफवा न ऐकलेल्याला पसरवणारा भेटला की तोही पसरवू लागतो. पसरवणाऱ्याला ती आधीच ठाऊक असलेला कोणी भेटला, की बातमी शिळी झाल्याचे कळून त्याचा उत्साह मावळतो. कितीही मोठ्या समूहात सुमारे २० टक्के लोकांच्या कानी अफवा जातच नाही, असे उत्तर निघाले. भीतीचा हिशेब इटलीत झाला. १९७३ मध्ये बारी शहरात कॉलरा आला होता. त्या अनुभवावरून कापासो आणि सेरिओ यांनी १९७८ मध्ये गुणाकारातच बदल केला. रुग्ण वाढले की लोक सावध होतात, भेटी टाळतात, म्हणून संसर्गाचा वेग चढत न राहता एका मर्यादेशी स्थिरावतो. या बदलाचे सर्वांत वापरले जाणारे रूप विकरांच्या अभिक्रियांसाठी १९१३ मध्ये मायकेलिस आणि मेंटेन यांनी दिलेल्या सूत्रासारखेच आहे. माणसांच्या भीतीसाठी हवे असलेले समीकरण रसायनशास्त्रात तयार होते.

संगणकशास्त्राने अफवा कामालाच लावली. अनेक ठिकाणी ठेवलेल्या माहितीच्या प्रती एकसारख्या कशा राखायच्या, या प्रश्नावर झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधकांनी १९८७ मध्ये सुचवले, की प्रत्येक संगणकाने बदल दुसऱ्या कोणत्याही संगणकाला सांगावा आणि त्याला तो आधीच ठाऊक निघाला तर सांगणे थांबवावे. सुमारे २० टक्के संगणक वंचित राहतात, हा जुना आकडा इथेही आला. बदल आधीच ठाऊक असलेला संगणक दोनदा भेटेपर्यंत सांगत राहिले तर तो ६ टक्क्यांवर येतो. उरलेल्यांसाठी प्रतींची जोडी-जोडीने संथ तुलना करण्याची दुसरी पद्धत त्यांनी जोडली.

२००४ मध्ये येल विद्यापीठातील डेना अँग्लुइन, जेम्स ॲस्पनेस आणि सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा विचारला: फारच थोडी स्मृती असलेले घटक योगायोगाने भेटत राहिले, तर ते काय काय गणू शकतात? त्यांचे उदाहरण पक्ष्यांच्या अंगावर बसवलेल्या संवेदकांचे होते. २००७ मध्ये बहुमत ओळखण्याची एक रीत मिळाली. दोन मते आणि तिसरी अनिश्चित अवस्था. विरुद्ध मतांचे दोघे भेटले की एक जण अनिश्चित होतो, अनिश्चिताला ठाम मताचा भेटला की तो ते मत घेतो. फरक पुरेसा असेल तर सगळा समूह लवकरच बहुमताकडे वळतो. लुका कार्डेली आणि अत्तिला चिकाश-नाज यांनी २०१२ मध्ये दाखवले, की पेशीविभाजन सुरू करणारी रासायनिक कळ याच रीतीशी गणिती नाते सांगते.

दरम्यान डेव्हिड सोलोवेइचिक, एरिक विनफ्री आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सिद्ध केले होते, की अभिक्रियांचा संच, चुकीची अल्पशी शक्यता सोडली तर, संगणकाला शक्य असलेली कोणतीही आकडेमोड करू शकतो. २०१० मध्ये कागदावरची अभिक्रिया डीएनएच्या धाग्यांत उतरवण्याची कृती आली: नवा धागा दोन धाग्यांच्या जोडीच्या मोकळ्या टोकाला चिकटतो आणि जुन्याला हुसकावून त्याची जागा घेतो. २०१३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि केंब्रिजचे मायक्रोसॉफ्ट रिसर्च यांच्या संशोधकांनी बहुमताची तीच रीत डीएनएच्या द्रावणात प्रत्यक्ष चालवली. धाग्यांची एकेक अदलाबदल संथ असल्याने उत्तर यायला तास लागतात, आणि आमंत्रण नसताना सुटणारे धागे निकाल बिघडवू शकतात. ही गळती कमी करणारी रचना शोधणे हे या क्षेत्रातले मोठे काम झाले आहे.